वीजबिलावरचे नाव बदलताना गेलेले पाच महिने : माझा अनुभव

आमच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचे काम दोन दिवसांत पूर्ण झाले आणि केंद्र सरकारचे ७८ हजार रुपयांचे अनुदान त्यानंतर दोन महिन्यांत खात्यावर जमा झाले. मात्र त्याआधी वीजबिलावरचे एक नाव बदलून घेण्यासाठी आम्हाला पाच महिने हेलपाटे घालावे लागले. मी हे लिहिते आहे ते त्या पाच महिन्यांसाठी. पॅनेल, इन्व्हर्टर आणि कर्जाची माहिती कोणीही देतो, पण बिलावरच्या नावाबद्दल आम्हाला आधी कोणीच सांगितले नव्हते.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. तळमजल्यावर सासऱ्यांनी १९८८ साली सुरू केलेली पिठाची गिरणी आणि मसाला कांडप आहे, वर आम्ही राहतो. दोन्हींची मीटर वेगळी आहेत. २०२४ च्या मे महिन्यात घराच्या मीटरचा वापर ३४० युनिटपर्यंत गेला आणि बिल सव्वाचार हजारांच्या घरात आले. मी ते बिल पहिल्यांदाच ओळीने वाचले, तेव्हा लक्षात आले की पहिल्या १०० युनिटनंतर दर जवळजवळ दुप्पट होतो, ३०० युनिटच्या पुढे तो आणखी चढतो, आणि त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व १६ टक्के वीज शुल्क लागते. म्हणजे उन्हाळ्यात वाढणारे शेवटचे चाळीस युनिट सर्वांत महाग पडतात. गिरणीचे बिल निराळेच असते, आणि हंगामात ते घरच्या बिलाच्या कितीतरी पट होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली होती. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असे तीन किलोवॉटला मिळून ७८ हजारांचे अनुदान त्यात मिळते. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर तीन किलोवॉटमध्ये आमच्या उन्हाळ्याचा वापरही भागत होता. ही योजना फक्त घरगुती जोडणीला आहे, गिरणीच्या जोडणीला अनुदान नाही. याचे मला वाईट वाटले आणि अजूनही वाटते. शेतीपंपांसाठी राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत विजेची योजना २०२४ मध्ये आणली, ते योग्यच झाले. पण चार घरांचे दळण दळून देणाऱ्या गिरणीला निदान अशा सौर योजनेत तरी जागा असायला हवी होती.

जानेवारी २०२५ मध्ये मी योजनेच्या संकेतस्थळावर बारा अंकी ग्राहक क्रमांक भरला आणि समोर सासऱ्यांचे नाव आले. सासरे २०१६ मध्ये गेले. नऊ वर्षे आम्ही त्यांच्या नावावर आलेले बिल वेळेवर भरत होतो आणि कोणाचेच काही अडले नव्हते. पण अनुदान ज्याच्या नावावर जोडणी त्याच्याच बँक खात्यात जमा होते, त्यामुळे आधी जोडणी यजमानांच्या नावावर होणे भाग होते.

२२ जानेवारीला आम्ही नावबदलाचा अर्ज आणि शुल्क भरले. मृत्यूचा दाखला होता, मिळकत पत्रिका मात्र २०१९ च्या महापुरात खालच्या कपाटात भिजून गेली होती, तिची नवी प्रत सिटी सर्व्हे कार्यालयातून काढून आणली. तीन आठवडे काहीच निरोप आला नाही म्हणून मी स्वतः महावितरणच्या कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीवरच्या लिपिकांनी सांगितले की अर्जात त्रुटी निघाली आहे, सर्व वारसांचे संमतीपत्र जोडलेले नाही. ही त्रुटी त्यांनी कोणत्या दिवशी काढली हे कागदावर होते, आम्हाला कळवल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती. माझे एक दीर पुण्यात, एक नणंद इचलकरंजीत आणि दुसरी जतला असते. तिघांच्या सह्या, आधारच्या प्रती आणि नोटरी एवढे करायला फेब्रुवारी महिना गेला. जतच्या नणंदबाई त्यासाठी एसटीने येऊन गेल्या, तेव्हा मला फार संकोच वाटला.

संमतीपत्र घेऊन गेले तर दुसरी त्रुटी निघाली. वारसांच्या यादीत नणंदेचे माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. त्याच लिपिकांनी हे पहिल्याच भेटीत पाहून सांगितले असते, तर नणंदबाईंच्या एका खेपेत विवाहाचा दाखलाही आला असता. अर्ज हातात घेतला की त्यातल्या सगळ्या उणिवा एकदम लिहून द्याव्यात, एवढी अपेक्षा गैर आहे असे मला वाटत नाही. दाखला दिला तोवर मार्च उजाडला होता. मार्चअखेर सगळे कर्मचारी थकबाकीच्या वसुलीला बाहेर असतात, त्यामुळे फाईल साहेबांच्या टेबलावर आहे, एप्रिलमध्ये या, असे उत्तर मिळाले.

एप्रिल-मे म्हणजे आमच्या कांडपाचा हंगाम. बायका वाळवलेली मिरची, धणे, खोबरे घेऊन सकाळी सातपासून रांगेत बसतात, आणि वर्षाची निम्मी कमाई त्या दोन महिन्यांत होते. कार्यालयाची खिडकीही त्याच वेळेत उघडी असते. यजमानांच्या गुडघ्याचे दुखणे असल्यामुळे हेलपाटे मलाच घालावे लागत, आणि मी गेले की यंत्र बंद. अशा पाच सकाळी मी यंत्र बंद ठेवून गेले. पाचव्या सकाळी समजले की मुदतीत त्रुटीची पूर्तता झाली नाही या शेऱ्याने आमचा अर्ज संगणकावर बंद झाला आहे, आता नव्याने अर्ज करावा लागेल. पूर्तता मी स्वतःच्या हाताने त्या टेबलावर दिली होती. पण तिची पोच माझ्याजवळ नव्हती, कारण देताना मी ती मागितली नव्हती. त्या दिवशी कार्यालयाच्या जिन्यात बसून मला रडू आले हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही.

त्याच आठवड्यात आमच्याकडे दळणाला येणाऱ्या एका काकांशी हे बोलणे झाले. ते दुसऱ्या जिल्ह्यातून वीज खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी विचारले, “वहिनी, तुम्ही अर्जात नियम लिहिला होता का?” मी कोणताच नियम लिहिला नव्हता. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या वीज पुरवठा संहिता व कृती मानकांच्या विनियमांत अर्ज आणि शुल्क मिळाल्यापासून दुसऱ्या बिलाच्या आत नावबदल झाला पाहिजे अशी मुदत घालून दिलेली आहे, आणि मुदत पाळली नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते. आमच्या बाबतीत तोवर चौथे बिल आले होते. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी एका पानाचे पत्र लिहिले : अर्जाची तारीख, शुल्काच्या पावतीचा क्रमांक, प्रत्येक भेटीची तारीख, विनियमांचा उल्लेख, आणि ठरावीक दिवसांत काम न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊ, ही ओळ. आवाज न चढवता मी ते आवक विभागात दिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. अकराव्या दिवशी भ्रमणध्वनीवर नावबदल झाल्याचा संदेश आला. जूनच्या शेवटी आलेल्या बिलावर यजमानांचे नाव पाहिले तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी ते बिल देवघरात ठेवले. पुढे तेच लिपिक म्हणाले की तुमचे कागद पूर्ण होते, फक्त बघायला कोणाला वेळ नव्हता. भरपाई मात्र मी मागितली नाही. काम झाले यातच समाधान मानले, आणि ते चुकले असे आता वाटते.

पुढचे सर्व सुरळीत झाले. दहा किलोवॉटच्या आतील घरगुती अर्जाला वेगळ्या तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही. जुलैमध्ये पॅनेल बसले, घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारे नेट मीटर ऑगस्टमध्ये लागले आणि सप्टेंबरमध्ये अनुदान आले. सुरुवातीला सगळी रक्कम आपल्यालाच भरावी लागते, अनुदान शेवटी मिळते, हे ध्यानात ठेवून पैशांची किंवा बँकेच्या कर्जाची तजवीज आधीच करावी. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान नाकारले जाते, म्हणून पुरवठादाराकडून तसे प्रमाणपत्र मागून घ्यावे. सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, आमचे बिल त्याआधीचे होते. नाव पाच महिने अडले नसते तरी ही सवलत आम्हाला मिळालीच नसती, त्यामुळे तो दोष मी कार्यालयाला देत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या भागातल्यांसाठी : इन्व्हर्टर खाली मीटरजवळ बसवू नका. कृष्णेचे पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये आमच्या तळमजल्यात शिरले होते, म्हणून आम्ही तो जिन्याच्या वरच्या टप्प्यावर बसवून घेतला. केबलला थोडा जास्त खर्च आला.

आता घराच्या बिलात स्थिर आकार आणि थोडे किरकोळ युनिट एवढेच येते. जादा तयार झालेले युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात आणि मार्चअखेर हिशेब होतो, म्हणून उन्हाळ्याआधीच्या महिन्यांत मी बिलावरची शिल्लक वहीत लिहून ठेवते. ज्यांच्या गच्चीवर सावली आहे किंवा गच्चीच नाही, अशांनाही १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवर (म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणाऱ्या मीटरवर) सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत मिळू लागली. शेजारच्या वहिनींना मी कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याची मोटर दुपारी लावायला सांगितले आहे.

गिरणीचे मीटर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. त्याचा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला. या वेळी तिन्ही वारसांची संमतीपत्रे, नणंदेच्या विवाहाचा दाखला आणि विनियमांची प्रत पहिल्याच दिवशी जोडली, प्रत्येक कागदाचा उल्लेख असलेली यादी वर लावली आणि त्या यादीवरच शिक्का घेतला. पोचेची एक प्रत गिरणीत मीटरच्या पेटीवर चिकटवली आहे, म्हणजे दुसरे बिल कोणत्या तारखेला येते ते माझ्या नजरेसमोर राहील.