वीस सेकंदांची चौकट

वर्तमानपत्रात विदेश पान लावणाऱ्याला दोन गोष्टींची चणचण कधी पडत नाही. युद्ध आणि जपान. युद्ध पानाच्या डोक्यावर जातं, जपान तळाला चौकटीत.

नोव्हेंबर २०१७. माझी रात्रपाळी होती. एक जाहिरात ऐनवेळी निघाल्यामुळे पानाच्या उजव्या कोपऱ्यात आठ सेंटिमीटरचं भोक पडलं होतं. एजन्सीच्या बातम्या चाळताना हवी तशी एक सापडली. टोकियोजवळची त्सुकुबा एक्स्प्रेस. मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून गाडी ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची, ती २० सेकंद आधी सुटली. कंडक्टरने वेळापत्रक नीट पाहिलं नव्हतं. एकाही प्रवाशाची तक्रार नव्हती, चार मिनिटांत पुढची गाडी होती, तरी कंपनीने जाहीर माफी मागितली.

त्या दुपारी कामावर येताना माझी लोकल कुर्ला आणि सायनच्या मध्ये पंचवीस मिनिटं उभी होती. माफी राहू दे, कारणसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. तो सगळा राग हेडिंगमध्ये उतरला: '२० सेकंदांसाठी जपानने मागितली माफी!' आमचे मुख्य उपसंपादक माझ्या हेडिंगमध्ये एरवी चार चुका काढतात. मागून वाचून म्हणाले, "झकास. चौकट कर, खाली टिंट टाक."

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये समोरच्याच्या फोनवर माझीच चौकट, कोणीतरी फोटो काढून फिरवलेली.

"आपल्याकडे असं कधी होणार?"

"शंभर वर्षं नाही. त्यांच्या रक्तातच असतं ते."

खोटं कशाला बोलू, मी मनातून सुखावलो होतो. पहिल्या पानाची लीड कोणी असा फोटो काढून पाठवत नाही.

ऑफिसात पोचलो तर टेबलावरचा फोन वाजत होता. "मी कल्याणहून बोलतोय. मध्य रेल्वेत मोटरमन होतो, आता निवृत्त. ती जपानची बातमी तुमची का?"

मी कौतुक ऐकायच्या तयारीने खुर्ची ओढली.

"चांगली आहे. अमागासाकीची पण छापली होती का तुम्ही?"

मला तो शब्दही धड ऐकू आला नाही. त्यांनी फोड करून सांगितला, आणि मग अर्धा तास मी नुसता ऐकत होतो.

२५ एप्रिल २००५. जेआर वेस्ट कंपनीची सकाळची गाडी, मोटरमन २३ वर्षांचा. इतामी स्टेशनवर गाडी फलाट सोडून सत्तरेक मीटर पुढे गेली. मागे घ्यावी लागली, त्यात दीड मिनिट गेलं. पुढे ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेलं वळण होतं, तिथे गाडी ११६ च्या वेगाने शिरली आणि घसरली. पहिला डबा रुळांलगतच्या निवासी इमारतीच्या तळमजल्यात घुसला. १०७ माणसं गेली, मोटरमनसकट.

"दीड मिनिट," ते म्हणाले. "आमची गाडी दीड मिनिट लेट म्हणजे आम्ही टायमात!"

त्या पोराने आदल्या वर्षीही असाच फलाट चुकवला होता. तेव्हा त्याला तेरा दिवस 'प्रशिक्षणा'ला बसवलं होतं. कंपनीचं हे प्रशिक्षण म्हणजे आपल्याच चुकीवर अहवाल लिहीत बसायचं आणि वरिष्ठांची बोलणी खायची. काही जणांना गवत उपटायलाही लावत. इतामीनंतर गार्ड कंट्रोलला आपल्याविषयी काय कळवतोय, याकडे त्याचे कान लागले होते, असं चौकशीत निघालं. ब्रेक उशिरा लागला.

"एकदा दादरला माझीही गाडी दीड डबा पुढे गेली होती," ते म्हणाले. "त्यानंतर घाटकोपर येईपर्यंतचं मला काही म्हणता काही आठवत नाही. सिग्नल हिरवे होते की पिवळे, देव जाणे. डोक्यात एकच, आता साहेबांना काय सांगायचं."

फोन ठेवून मी खाली जुन्या अंकांच्या बांधीव फायलींकडे गेलो. २६ एप्रिल २००५, आतलं पान, दोन कॉलम: 'जपानमध्ये रेल्वे घसरून भीषण अपघात'. त्या वर्षी मी त्याच टेबलावर नवखा होतो, भाषांतर बहुधा माझंच. कारणं नंतर बाहेर आली हे कबूल, पण पुढच्या महिनाभराचे अंक चाळले तरी त्या दीड मिनिटाबद्दल एक ओळ सापडली नाही.

फाईल बंद करताना दोन्ही हेडिंगं डोळ्यांसमोर शेजारी-शेजारी आली. माणसं मेली ती जपान'मध्ये'. माफी मागितली ती जपान'ने'. वास्तविक ती एका कंपनीने मागितली होती. मी अख्ख्या देशाला तृतीया लावून टाकली होती आणि सहीसुद्धा घेतली नव्हती. आपल्या बाबतीत आपण उलटं करतो. जुलै २०१९ मध्ये बालीच्या एका हॉटेलातल्या वस्तू बॅगेत भरताना एक भारतीय कुटुंब सापडलं, तेव्हा हेडिंग आलं: 'भारतीयांनी घालवली लाज'. एका कुटुंबाच्या बॅगांची उलथापालथ झाली आणि लाज गेली ती सगळ्यांची. जर्मनीचं तर विचारू नका. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते धरतच नाहीत. मी ही बातमी चौकटीसाठी पुढे केली, तर उत्तर आलं, "जर्मन गाड्या लेट? वाचक म्हणतील भाषांतर चुकलंय." ती बसली नाही, कारण चौकट आधीच भरलेली असते. रिकामे असतात ते फक्त सेंटिमीटर.

पण मला सांगायचं होतं ते मे २०१८ चं. जपानमध्ये नोतोगावा स्टेशनवरून एक गाडी २५ सेकंद आधी सुटली. पुन्हा माफी, पुन्हा तीच कॉपी माझ्या टेबलावर. कंपनीचं नाव वाचून मी सरळच बसलो. जेआर वेस्ट. अमागासाकीवाली. या वेळी हेडिंगमध्ये कंपनीच घातली, आणि शेवटच्या परिच्छेदात चार ओळी लिहिल्या: २००५, दीड मिनिट, १०७.

रात्री अकराला एक जाहिरात वाढली. बातमी नेहमी तळातून कापतात, तशी ही पण कापली गेली. हेडिंगही दोन ओळींचं एक करताना कंपनीच्या जागी 'जपान' आलं, अक्षरं कमी लागतात म्हणून. मी तोवर शेवटची गाडी पकडायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून फोन आला.

"पाच सेकंद वाढले की हो," ते म्हणाले.