केळ्यांचा भाव

मागच्या रविवारी मुलीबरोबर एक हिंदी सिनेमा पाहिला. चावट, पण पोटातून गोड. तोंडाने वाटेल ते बोलणारे दोघं, आणि हात धरायची वेळ आली की दोघांनाही घाम. मध्यंतराच्या जरा आधी एक विनोद असा आला की सगळं थिएटर खदखदलं. मी पॉपकॉर्नच्या डब्यात काहीतरी हरवल्यासारखी बोटं फिरवत बसलो. मुलगी कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, हसा की. तुम्हाला कळलंय हे मला कळलंय.”

चावट विनोदाची गोम ती हीच. हसलं की कबुली.

मला एकदम आमच्या जत्रेतला तंबू आठवला. सातारा जिल्ह्यातलं गाव, 1984-85 साल. तंबूच्या मधोमध दोरीवर कापड टाकलेलं; एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. खाली माती, बसायला घरून आणलेलं पोतं. प्रोजेक्टर एकच. त्यामुळे वीसेक मिनिटांनी रीळ संपलं की दिवे लागायचे, आणि अंधारात मनसोक्त हसलेल्या माणसांची उजेडात पंचाईत व्हायची. बायका पदर सारखे करायच्या, पुरुष बिड्या शोधायचे.

सिनेमा होता ‘पांडू हवालदार’. निघाला 1975 साली, म्हणजे आमच्या गावात पोचेपर्यंत प्रिंटवर पाऊस पडायला लागलेला. दादा कोंडक्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला सिनेमा. हाफपँटीतला हवालदार, आणि त्याचा जीव जडलेली केळेवाली, म्हणजे उषा चव्हाण. नायिकेने केळीच का विकायची, चिकू का नाही, हा प्रश्न मला नवव्या वर्षी पडला नव्हता. मी हसत होतो ते हवालदाराच्या हाफपँटीला.

लहान म्हणून मी बायकांच्या अंगाला, आजीच्या मांडीला टेकून बसलो होतो. तिथून जे ऐकलं ते अजून कानात आहे. हसू आधी आमच्या बाजूने फुटायचं. पुरुषांकडून क्षणभराने, जरा दबकत. कापडापलीकडे आपली आई, चुलती बसलीय, हे त्यांना पक्कं ठाऊक. बायकांना मात्र कापडाचा मोठा आधार होता.

आणि ह्या बायका काही ह्या बोलीला नवख्या नव्हत्या. हळदीच्या रात्री विहिणीला उद्देशून जी गाणी म्हणायच्या, ती दादांच्या सिनेमात असती तर सेन्सॉरने प्रिंट विहिरीत टाकली असती. अडचण दुसरी होती. तमाशाच्या फडावर घरंदाज बाईने पाऊल टाकायचं नाही. गौळणीतली मावशी काय बोलते, बतावणीत सोंगाड्या काय उत्तर देतो, हे तिला घरी बसून वाऱ्यावर येईल तेवढंच. दादा त्याच मातीतले. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या वगनाट्याने त्यांना घरोघर पोचवलं आणि मग तीच बतावणी त्यांनी पडद्यावर नेली. सिनेमाला मात्र जाता येत होतं. जत्रेत देवदर्शन झालं की तिकीट काढायचं, बरोबर सासू, नणंद, कडेवर पोर. त्यांचे नऊ सिनेमे 25-25 आठवडे चालले, त्याची गिनीज बुकात नोंद झाली, असं सगळे सांगतात. त्या आठवड्यांत बायकांच्या अंगाची किती तिकिटं होती, ते कुणी मोजलेलं दिसत नाही.

दादांचा चेहराही तसाच, अंगणातल्या पोराचा. आपण काय बोलून गेलो ह्याचा त्याला पत्ताच नसल्यासारखा. शब्द सरळ, उच्चार स्वच्छ, पाप काय ते ऐकणाऱ्याच्या कानात. म्हणून सुटका नाही. तुम्ही हसलात तर दोष तुमचा, आणि नाही हसलात तर शेजारीण कोपराने ढोसणार.

एका वाक्याला आजी अशी हसली की मी तिच्या मांडीवरून घसरलो. थोरल्या काकीने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, तरी तिचे खांदे हलत होते. ही तीच काकी, जी आजीसमोर मान वर करून बोलत नसे.

“आज्जे, काय म्हणला गं त्यो?”

आजीने डोळे पुसले. “काय न्हाय रं. केळी म्हाग झाल्याती म्हणतोय.”

“मग त्यात हसायचं काय?”

तेवढ्यात रीळ संपलं. दिवे लागले. सगळ्याजणी एकदम गंभीर, कीर्तनाला बसल्यासारख्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दोघींबरोबर होतो. घरात कुणाचा तरी उपास होता, केळी घ्यायचीच होती. काकी टोपलीपाशी थांबली आणि तिने अगदी सरळ तोंडाने भाव विचारला. केळेवाल्याने सांगितला. मला जत्रेतली गोष्ट आठवली, म्हणून मी मोठ्यांदा म्हणालो, “आज्जे, खरंच म्हाग झाल्याती की!”

आजी काकीकडे बघेना, काकी आजीकडे बघेना. केळी न घेताच दोघी तरातरा चालायला लागल्या, आणि पारापलीकडे गेल्यावर भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी उपासाला रताळी झाली.