कुल्लूची लोकर, जलोडीचा चढ अन् तिरपी मफलर

आधी पैशाचं बोलतो, डोंगर-देवदार मागून. मनालीच्या माल रोडवर एका दुकानात 'हातकताईची शुद्ध पहाडी लोकर' म्हणून अर्ध्या किलोचे 1,100 रुपये घेतले. परतीच्या गाडीत बायकोनं सुया काढल्या, टाके घातले, चार ओळी विणल्या आणि म्हणाली, "अहो, ही लोकर सुईवर करकरते आहे." खरी लोकर सुईवर करकरत नाही, अॅक्रिलिक करकरतं. घरी आल्यावर गॅसवर एक तुकडा धरला. वितळला, काळी टणक गोळी झाली, प्लास्टिकचा वास. आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारात हाच माल तीनशेच्या आत मिळतो, तोही पाव टक्का खोटं न बोलता.

म्हणून पहिला सल्ला: काडेपेटी खिशात ठेवा. मेंढीच्या लोकरीचा धागा जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझतो आणि राख चिमटीत धरली की भुगा होते. दुकानदार स्वतःच धागा जाळून दाखवायला तयार असतात, त्यावर भुलू नका. ते त्यांच्या सोयीचा धागा काढतात. शालीला उभा धागा वेगळा आणि आडवा वेगळा असू शकतो. ताणा अॅक्रिलिकचा, बाणा लोकरीचा असा माल तिथं ढिगानं आहे. दोन्हीकडचा एकेक धागा तुम्ही निवडायचा, तुम्हीच जाळायचा. नाही म्हणाला तर दुकानातून बाहेर. अंगठीतून शाल ओढून दाखवण्याचा खेळ तर बघूच नका. पातळ नायलॉनही अंगठीतून जातं. पश्मिन्याचा तंतू 12 ते 16 मायक्रॉनचा, तो डोळ्यांना आणि अंगठीला कळत नाही. आठशे रुपयांत 'प्युअर पश्मिना' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं चालायचं.

टॅक्सीवाला 'फॅक्टरी दिखाता हूँ' म्हणाला की ओळखा, त्याचं कमिशन ठरलेलं आहे. आम्हाला नेलं ती 'फॅक्टरी' म्हणजे दाराशी एक हातमाग, त्यावर बसलेला एक माणूस आणि आत तीन मजले शाली. हातमागावरचं कापड आम्ही होतो तोवर बोटभरही पुढं सरकलं नाही.

मनालीबद्दल माझं मत एका वाक्यात: हिडिंबा मंदिर बघा आणि निघा. मंदिर खरंच बघण्यासारखं आहे, 1553 सालचं, चार थरांचं छप्पर, दारावरचं कोरीवकाम अर्धा तास बघत बसावं असं. पण बाहेर बायका अंगोरा ससे घेऊन उभ्या असतात, कडेवर देतात, मग फोटोचे पैसे मागतात. हिनं ससा हातात घेतला तो त्याच्या केसांसाठी. अंगोऱ्याचा तंतू कसा लागतो ते बघायचं होतं. तंतू बघायचेही शंभर रुपये झाले. अटल बोगदा 9 किलोमीटरचा आहे, पलीकडे लाहौल सुरू होतं, एकदा जाऊन या. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आता, नागपूरची माणसं लोकरीच्या मागं काहून लागली, हे सांगायला हवं. मी शाळेत टकळीवर सूत काढलेला माणूस. वर्धा आमच्यापासून 75 किलोमीटर, सेवाग्राम त्याला लागून. तिकडची पितळी चकतीची टकळी घरात अजून आहे. बायको पंचवीसेक वर्षं स्वेटर विणते आणि दुकानातल्या लोकरीच्या गुंड्यांना कंटाळली आहे. बेत सोपा होता: पहाडातून कच्ची लोकर आणायची, मी कातणार, ही विणणार. कापूस कातता येतो म्हणजे लोकर कातता येईल, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांनी कुणीही आयुष्यात लोकर कातलेली नव्हती.

खरी लोकर मिळाली ती कुल्लू जिल्ह्यातल्या बंजार-जिभी बाजूला. तिकडं जायचं तर मनालीला जायचंच नाही. नागपूरहून दिल्ली गाडीनं, नवी दिल्ली स्टेशनवरून पिवळ्या मेट्रोनं सरळ काश्मिरी गेट, तिथून मनालीची रात्रीची बस. टकळीची सळई मेट्रोच्या तपासणीत बाहेर काढायला लावतात, समजावून सांगितलं की सोडतात. बसचं मात्र नीट ऐका. औटचा बोगदा लागायच्या आधी लारजीकडे फाटा फुटतो, तिथं उतरायचं. बस तिथं पहाटे पोचते, कंडक्टर झोपलेला असतो, तुम्हीही. बोगद्यातून पलीकडे गेलात की परत यायला गाडी शोधत बसा. फोनवर गजर लावा, कंडक्टरच्या 'उठा दूँगा'वर विसंबू नका. आमच्यासोबतचं पुण्याचं एक जोडपं असंच पार भुंतरला उतरलं.

औटहून बंजार, बंजारहून जिभी 8-9 किलोमीटर. लोकल बस आहे, चांगली आहे, टॅक्सीवाले 'बस नहीं आती' म्हणतात ते खोटं आहे. मी उभा होतो तेवढ्यात दोन गेल्या.

जिभीहून शोजापर्यंत ठीक. शोजा ते जलोडी खिंड, फक्त 5 किलोमीटर, याबद्दल मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. जो तो म्हणे, 'पास तक गाडी जाती है.' जाते, बाप्पा, जाते! पहिल्या गिअरमध्ये, इंजिन रडत, वळणावर समोरून ट्रक आला की मागं घेत, मागं दरी. रस्ता उखडलेला, वळणं इतकी उभी की समोरच्या काचेतून फक्त आभाळ दिसतं. आमची लहान गाडी एका वळणावर थांबली ती उचलेचना. ड्रायव्हरनं शांतपणे सांगितलं, "आप लोग उतर जाओ, ऊपर मिलते हैं." क्लच जळल्याचा वास, हिच्या हातात विणकामाची पिशवी, माझ्या खिशात टकळी, आणि 3,000 मीटरच्या वर आम्ही पायी. भाडं मात्र पूर्ण घेतलं, 'पास तक' म्हणून. पायी चढण्याचे पैसे देणारे आम्हीच पहिले नसू.

तर जाणाऱ्यांनी काय करावं? लहान गाडी अजिबात करू नका. चार जणांत एक मोठी, उंच गाडी करा. आधीच ठरवा की गाडी अडली तर भाडं किती कापायचं, आणि हे निघण्याआधी बोला, वळणावर नाही. स्वतःची गाडी नेणार असाल तर घाटात चढाला अर्ध्या क्लचवर गाडी रोखता येत असेल तरच जा. नागपूरच्या उड्डाणपुलांचा सराव इथं उपयोगाचा नाही. पाऊस पडून गेला असेल तर एक दिवस थांबा. डिसेंबरनंतर बर्फानं खिंड बंद होते, तेव्हा तो प्रश्नच नाही. आणि सकाळी लवकर निघा, कारण दहानंतर समोरून येणाऱ्या गाड्या वाढतात आणि दर वळणावर 'तू माग घे, मी माग घे' सुरू होतं. मी अजूनही डोळे मिटले की तेच वळण दिसतं, त्यामुळे थोडं जास्त लिहितोय, समजून घ्या.

खिंड 3,120 मीटरवर आहे. तिथून सेरोलसर तळं 5 किलोमीटर, खरसू ओकांच्या जंगलातून, बहुतेक सपाट वाट. नागपूरची सेमिनरी हिल्स टेकडी न थांबता चढणाऱ्याला काहीच अवघड नाही. बूट मात्र पकडीचे हवेत, चिखल घसरडा असतो. तळ्याकाठी बूढी नागिणीचं देऊळ आहे, लोक तूप वाहतात. तळ्यात पान पडलं की आभी नावाचं पाखरू उचलून नेतं, असं तिथं सांगतात. आम्ही बसलो तेवढा वेळ पाखरू दिसलं नाही, पण पाण्यावर पानही नव्हतं. चालून आल्याचं सार्थक झालं, एवढंच म्हणतो.

शोजाच्या खाली एका उतरणीवर मेंढ्या-बकऱ्या राखणारे एक आजोबा भेटले, उभ्या उभ्या कातत होते. मनगटाभोवती लोकरीची सैल पट्टी गुंडाळलेली, उजव्या हातात लाकडी टकळी, माझ्या टकळीच्या दुप्पट लांब आणि चांगली जड. चिमटीनं फिरवून सोडायचे, ती गुडघ्यापर्यंत लोंबत जायची, धागा होत जायचा. डोळे बकऱ्यांवर. मी माझी पितळी टकळी काढून दाखवली आणि त्यांच्या लोकरीचा एक पुंजका घेऊन बसलो. टकळी दोन गिरक्या घेऊन थांबली, उलटी फिरली, पीळ सुटला, धागा तुटून टकळी शेणात. आजोबा हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "हाथ इतने पास क्यों? यह रुई थोड़े है."

सगळं गणित त्यात होतं. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा, म्हणून पेळूवरची (पिंजलेल्या कापसाच्या वळीवरची) चिमूट धाग्याजवळ ठेवून ओढायचं. पहाडी मेंढीचा केस त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. दोन्ही हातांत त्या केसाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर नसेल तर एकच केस दोन्ही चिमटींत अडकतो, ओढलं तरी सरकत नाही, आपण जोर लावतो आणि सगळं तुटतं. कापूस कातलेल्या हाताला हे अंतर घेणं फार जड जातं. शिवाय हलकी टकळी जाड लोकरीचा पीळ पेलत नाही, लवकर थकते आणि उलटी फिरते. तेव्हा कापसाची टकळी घरीच ठेवा. बंजारच्या बाजारात लाकडी टकळी मिळते, ती घ्या. कच्ची लोकर त्या आजोबांच्या घरूनच घेतली, एक किलो, माल रोडच्या अर्ध्या किलोपेक्षा स्वस्त. घासाघीस केली नाही.

चेहनी कोठी, तिर्थन नदी, नग्गरचा किल्ला, सिड्डू (तिकडची वाफवलेली रोटी) आणि तूप, सगळं मजेत झालं. त्या दिवसांबद्दल विचारू नका, सगळं जसं सांगतात तसंच आहे.

नागपूरला आल्यावर दुसरा चढ सुरू झाला. पोतं उघडलं तर बाल्कनीपासून जिन्यापर्यंत मेंढीचा वास. शेजारच्या काकूंनी "काही मेलं आहे का हो?" असं विचारलं. लोकर धुताना कोमट-गरम पाणी, शाम्पू किंवा रिठा, आणि नुसती बुडवून ठेवायची. ढवळायची नाही, चोळायची नाही, नळाची धार सोडायची नाही. दुसरं पाणीही तेवढंच गरम हवं. गरमातून एकदम गार पाण्यात टाकली, हातानं चोळली की केस एकमेकांत गुंततात आणि बादलीत नमदा, म्हणजे लोकरीचा घट्ट थापा, तयार होतो. एक किलो धुऊन, काटे-कचरा वेचून सातशे ग्रॅमच्या आसपास उरली. बाकी तेल, माती आणि हिमाचलचं गवत. विकत घेताना हा हिशेब धरा.

मग पिंजणं. कापसासारखी पिंजू नका, केस तुटतो. कुत्र्याच्या केसांचा तारेचा ब्रश दोन नगांत चालतो. नागपूरच्या कोरड्या हवेत लोकर हाताला चिकटते, केस उभे राहतात, कातताना भोवती जाळं होतं. खोबरेल तेलाचा एक थेंब तळहाताला चोळून घ्या, जास्त नको.

आणि हे मुद्दाम सांगतो, कारण इथं आमचं घरात भांडण झालं. मी एकपदरी धागा काढला, पीळ भरपूर घातला, तुटू नये म्हणून. हिनं 8 नंबरच्या सुयांवर सरळ सुलट टाक्यांची मफलर घातली. वीतभर झाल्यावर मफलर एका बाजूला तिरपी व्हायला लागली. हिनं टाके मोजले, बरोबर. उसवली, परत घातली, परत तिरपी. "अहो, ही मफलर आहे की जिलबी?" दोष विणण्यात नव्हता. एकपदरी धाग्यात पीळ जागा असतो, तो विणलेलं कापड स्वतःकडे ओढतो. उपाय असा: दोन धागे ज्या दिशेनं कातले त्याच्या उलट दिशेनं एकत्र पिळायचे, म्हणजे पीळ पिळाला मारतो. लडी करून गरम पाण्यात भिजवायची, दांडीवर टांगायची, खाली हलकं वजन लावून वाळवायची. एकपदरीच विणायचं असेल तर पीळ कमी ठेवा आणि एक ओळ सुलट, एक उलट असं न करता दोन्ही बाजूंनी सुलट टाका घाला, तिरपेपणा बराच झाकतो. सुया 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या, त्याहून बारीक घेऊ नका; हातकताईच्या जाड-बारीक धाग्याला 10 नंबरवर टाकाच सरकत नाही.

उरलेली लोकर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, पावसाळ्यात दमट होते आणि कसर लागते.

जायचं कधी? ऑक्टोबर. वरच्या कुरणांतून कळप खाली येतात तेव्हा लोकर मिळते, रस्त्यात मेंढ्यांनी गाडी अडली तर चिडू नका, भाव विचारा. कुल्लूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी, विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. ढालपूर मैदानावर लोकरीची दुकानं लागतात, तिथं जाळून बघूनच घ्या. पण दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीमुळे नागपूरला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या भरलेल्या असतात. तिकीट उघडतं त्या सकाळी काढा, आणि बाजूचा खालचा बर्थ मागा. वरच्या बर्थवर टकळी लोंबत सोडली की ती खालच्या माणसाच्या डब्यात पडते. त्याचा पराठा होता, भला माणूस निघाला.