दहा अँप्युल

ऊसतोडीला गेलेली बाई जानेवारीतच गावी परतली, की काहीतरी बिनसलंय हे आमच्या आरोग्य उपकेंद्रात वेगळं सांगावं लागत नाही. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून दोन-अडीच महिने असतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातलं एक बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे मुकादमानं आगाऊ दिलेल्या रकमेत, चढतात. अगदीच सोसवेनासं झालं तरच बाई फड सोडते.

ही आठव्या महिन्यातली. सासू म्हणाली, "डोकं लई ठणकतंय ओ सिस्टर, अन् डोळ्यापुढं जाळी आल्यागत व्हतंय." पाय सुजले होते, पण पाय बऱ्याच जणींचे सुजतात. डोकं आणि डोळे एकत्र आले की आधी बीपी. पाच मिनिटं टेकून बसवलं, हात छातीच्या पातळीला ठेवला: १७०/११०. लघवीच्या पट्टीवर प्रथिनं तीन प्लस. (पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेनं पट्टी खोटं बोलते. किती वेळा सांगितलं तरी झाकण उघडंच सापडतं.)

गरोदरपणात बीपी एवढं चढलं की फेफऱ्यासारखा झटका येऊ शकतो. तो यायच्या आत मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) पहिला डोस द्यायचा आणि मग पुढे पाठवायचं. ५० टक्क्यांचं मॅगसल्फ २ मिलीच्या अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत येतं, एकीत १ ग्रॅम. दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, म्हणजे १० अँप्युल. १० सीसीची सिरिंज, २२ नंबरची सुई, खोल स्नायूत, सावकाश. औषध जाताना अंगात गरम वाफ पसरल्यासारखं वाटतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर बाई घाबरून हलते आणि सुई निसटते. त्याआधी श्वास मोजायचे, मिनिटाला १६ तरी हवेत. गुडघ्याखाली टिचकी मारून पाय उडतो का पाहायचं. लघवी नीट होते का विचारायचं. एका बाजूला डॉक्टरांना फोन, दुसऱ्या बाजूला १०८. हात बसलेला असला तर पाच-सात मिनिटांचं काम आहे, फक्त ट्रेमध्ये दहा अँप्युल हव्यात.

त्या होत्या, आणि त्याचं श्रेय माझं नाही.

गाव आरोग्य समितीची बैठक पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरती होते, आणि बाई सरपंच असली तर खुर्चीत तिचा नवरा असतो. आमच्या सरपंचबाई स्वतः येतात. दहा-बारा हंगाम त्यांनीही कोयता चालवलाय. औषधांवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या मोजतात. पोळ्याच्या सुमाराला ट्रे पुढ्यात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्या किती पायजेत?" दहा, मी म्हटलं. "हितं तर सहाच हायती. कामून?" दोनदा पाठवलेल्या मागणीपत्राची प्रत माझ्याकडे होती. ती घेऊन त्या तालुक्याला जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी अँप्युल आल्या. माझ्या सहीच्या कागदाला जे जमलं नाही ते त्यांच्या बसण्याला जमलं, हे थोडं लागतं अजून.

समितीला वर्षाला मिळणाऱ्या दहा हजारांतून त्यांनी ग्रामपंचायतीची भिंतही रंगवून घेतली आहे. तिच्यावर लिहिलंय: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून वाहन, औषधं, रक्त, सिझेरियन सगळं मोफत. साध्या बाळंतपणाला ३ दिवस जेवण, सिझेरियनला ७. चहापाणी मागणारे भिंत बघून गप्प बसतात, निदान गावात तरी.

जवळच्या रुग्णालयात त्या दिवशी भूलतज्ज्ञ नव्हते. फोनवर आधीच विचारल्यामुळे गाडी तिकडे न थांबता थेट अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला गेली. सिझेरियन झालं. मुलगी, १८०० ग्रॅम. दोघी घरी आहेत.

मला खुपतं ते तिचं कार्ड. ऑगस्टमध्ये नोंदणी, ऑक्टोबरात एक तपासणी, बीपी ठीक. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सोबत बांधून दिल्या होत्या. पुढची पानं कोरी. दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीचं शिबिर असतं, पण ती तेव्हा कुठल्यातरी फडात मोळ्या वाहत होती. माझ्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे एकच शब्द: स्थलांतरित. तो लिहिला की तिच्या हुकलेल्या तपासण्यांचा जाब मला कोणी विचारत नाही. अहवाल स्वच्छ दिसतो.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांवर जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. त्यातल्या किती जणी कुणाच्या ना कुणाच्या रजिस्टरमध्ये स्थलांतरितच असतील.

बैठकीत मी कार्ड दाखवलं. सरपंचबाईंनी रजिस्टर मागितलं आणि पट्टीनं दोन नवे रकाने आखायला लावले: कारखाना कुठला, मुकादमाचा नंबर काय. यंदा दसऱ्यानंतर चौदा गरोदर बायका गेल्या. नऊजणींच्या मुकादमांचे फोन लागतात. आणखी दोघींच्या मुकादमांनी सांगितलं, पुन्हा फोन करू नका. उरलेल्या तिघींचा नंबर शोधायला सरपंचबाई उद्या बाजारच्या दिवशी मुकादमांच्या घरी जाणार आहेत.