तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडी कनूच कशाला?

"एवढी जड, एवढी महाग, वर सांभाळायची कटकट, मग सरळ फायबरची का नाही घेत?" कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची, दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद उघडी होडी. माझी कनू किनाऱ्याला लावली की कोणीतरी येतंच, आधी लाकडावरून हात फिरवून बघतं आणि मग हे विचारतं. उभ्या उभ्या मी "आवडते म्हणून" एवढंच सांगते, पण ते काही खरं उत्तर नाही, म्हणून आज जरा बसून लिहितेय.

मला ती आवडते कारण तिच्यात झाकलेलं असं जवळजवळ काहीच नसतं. आत गुडघ्यांवर बसून खाली बघा, सीडर या हलक्या लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या एकीला लागून एक, त्यांच्या मागे पातळ फळ्या, आणि प्रत्येक फासळीवर पितळी चुकांच्या, म्हणजे बारीक खिळ्यांच्या, टोकांची रांग. होडी कशाच्या जोरावर उभी आहे ते सगळं डोळ्यासमोर. मी बोलतेय ती कॅनव्हास चढवलेल्या लाकडी कनूबद्दल. सीडरच्या पट्ट्या चिकटवून वर फायबरग्लास आणि इपॉक्सी लावतात तीही सुंदर असते, हलकीही असते, पण माझा जीव या जुन्या प्रकारात अडकलाय.

हिची आई म्हणजे बर्च नावाच्या झाडाच्या सालीची कनू. उत्तर अमेरिकेतल्या वाबानाकी, अनिशिनाबे, अल्गॉन्क्विन अशा मूळ लोकांनी ती घडवली, आणि काय डोकं लावलंय बघा: झाडाची साल उलटी वापरायची, म्हणजे सालीची आतली बाजू होडीच्या बाहेर, स्प्रूस झाडाच्या मुळांनी शिवायचं, स्प्रूसच्या डिंकात चरबी आणि कोळशाची पूड घालून सांधे बुजवायचे, आणि मग सीडरच्या फळ्या-फासळ्या आतून ठोकून बसवायच्या की साल ताणली जाते. खिळा एकही नाही. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मेन राज्यात, पेनॉबस्कॉट नदीच्या परिसरात, सालीऐवजी कॅनव्हास वापरणारे कारागीर पुढे आले, कारण मोठी, बिनगाठीची साल मिळणं अवघड होत चाललं होतं. आकार बराचसा तोच राहिला, फक्त क्रम उलटा झाला, सालीच्या कनूत कातडं आधी आणि सांगाडा नंतर, इथे सांगाडा आधी आणि कातडं शेवटी. पुढे ओल्ड टाउनसारख्या कंपन्या आल्या, कॅनडात फ्रेडरिक्टनची चेस्टनट आली, पण ही विद्या मुळात कोणाची हे विसरून कनूच्या गप्पा मारू नयेत असं मला मनापासून वाटतं.

बांधताना बघण्यासारखी गोष्ट म्हणजे फासळी वाकवणं. साधारण ८ मिलीमीटर जाडीची सीडरची पट्टी आधी भिजवतात, मग वाफेच्या पेटीत ठेवतात, आणि बाहेर काढली की हातात मिनिटभरसुद्धा नसतो, दोघं दोन बाजूंना उभे राहून ती उपड्या साच्यावर एका दमात खाली ओढतात, गार झाली की संपलं, मग ती वाकत नाही, मोडते. साच्यावर प्रत्येक फासळीच्या खाली लोखंडी पट्टी असते. फळीतून आणि फासळीतून चूक ठोकली की तिचं टोक त्या लोखंडावर आपटतं आणि विंचवाच्या नांगीसारखं वळून परत लाकडात घुसतं. आतून दिसतात ती ही वळलेली टोकं. फळ्यांच्या मधे फटी राहतात आणि त्या कोणी बुजवत नाही, पाणी अडवायचं काम पूर्णपणे कॅनव्हासचं, तो ताणून बसवायचा, विणीत फिलर, म्हणजे तिची भोकं बुजवणारा लेप, घासून भरायचा, तो आठवडेच्या आठवडे वाळू द्यायचा आणि मग रंग.

त्यामुळे दुरुस्ती शक्य होते, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी अर्धं उत्तर इथेच आहे. फासळी तडकली तर एक फासळी बदला, कॅनव्हास कुजला तर सोलून नवा चढवा, काठ सडला तर तेवढाच तुकडा जोडा. शंभरी गाठलेल्या कनू आजही पाण्यात जातात त्या अशाच. उलट रॉयलेक्स नावाचं कनूचं प्लास्टिक होतं, खडकांवर आपटलं तरी चालायचं, लोकांचं फार लाडकं, पण २०१४ च्या सुमारास ते बनवणंच बंद झालं आणि संपला विषय. सीडर आणि कॅनव्हास कुठल्या एका कारखान्यावर अवलंबून नाहीत.

आता वल्हवण्याबद्दल, कारण नुसती होडी बघत बसायला कोणी ती बांधत नाही. एकट्याने उजव्या बाजूला वल्हं मारलं की कनूचं पुढचं टोक डावीकडे वळतं. नवीन माणूस लगेच बाजू बदलतो, मग पुन्हा बदलतो, पाणी मांडीवर. जुन्या पद्धतीत बाजू बदलायचीच नाही. पुढे वाकून पातं पूर्ण बुडवायचं, कमरेपर्यंत ओढायचं, आणि शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा, त्याबरोबर पातंही वळतं, मग त्याला बाहेरच्या बाजूला हलकासा रेटा, की टोक परत सरळ. हा 'जे स्ट्रोक', इंग्रजी J अक्षरासारखा. अंगठा वर ठेवूनही कनू सरळ होते, पण प्रत्येक वेळी ब्रेक लागल्यासारखा वेग मरतो, आणि तीच सवय बहुतेकांना लागते. जे स्ट्रोक जमला की पातं बाहेर न काढता पाण्याखालूनच कापत पुढे आणता येतं. आणि त्याच्याही पुढचा प्रकार म्हणजे वल्ह्याची मूठ तळहातातच फिरवायची, पातं पाण्याबाहेर येतच नाही, थेंबाचाही आवाज नाही. शिकारीला जाणाऱ्यांची ही रीत, आज पक्षी बघणाऱ्यांच्या कामाची.

इथेही लपवायला जागा नाही. अंगठा थोडा उशिरा वळला तर पुढचं टोक लगेच सांगतं.

बसायची जागासुद्धा महत्त्वाची. एकटे असाल तर जवळजवळ मधोमध, गुडघ्यांवर, दोन्ही गुडघे वल्ह्याच्या बाजूला सरकवून कनू मुद्दाम तिरकी करायची, काठ पाण्याच्या अगदी जवळ. बघणाऱ्याला वाटतं आता उलटणार, पण तिरकी झाली की पाण्यात टेकणारी लांबी कमी होते आणि १६ फुटांची होडी जागच्या जागी वळते. समोरून वारा आला तर थोडं पुढे सरकायचं, टोक जड झालं की वारा ते फिरवू शकत नाही.

जड आहे, मान्य. १६ फुटी कनू ३५ किलोच्या आसपास भरते, खांद्यावर घेऊन एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर चालायचं तर घाम निघतो, केवलार या कृत्रिम धाग्याची कनू त्यापेक्षा खूपच हलकी. खडकावर ओढत नेता येत नाही, तरंगत असतानाच चढायचं आणि तरंगत असतानाच उतरायचं. हिवाळ्यात जमिनीपासून वर, उपडी, कोरड्या जागी ठेवायची. मला यातलं काही ओझं वाटत नाही, पण ज्यांना रोज उथळ खडकाळ नदीत जायचंय त्यांनी दुसरी घ्यावी, हे मी त्यांना तोंडावर सांगते.

आणि "मग सुरुवात कुठून करू" असं विचारलंत तर लगेच कनू घेऊ नका. कोणाचीही, कसलीही कनू घेऊन जे स्ट्रोक शिका, आणि दरम्यान एक वल्हं स्वतः करा. चेरी किंवा अ‍ॅशची सरळ रेषांची, बिनगाठीची फळी घ्या, लांब अरुंद पात्याचा आकार काढा, दोन्ही बाजूंना मध्यरेषा आखा आणि रंध्याने दोन्हीकडून सारखं उतरवत न्या, कडा पातळ पण धारदार नको. पात्याला व्हार्निश चालेल, मुठीला मात्र नुसतं जवसाचं तेल लावा, व्हार्निशच्या मुठीने दिवसभरात हाताला फोड येतात.