बुसानमधलं आमीदोंग: थडग्यांच्या जोत्यावरची वस्ती

दक्षिण कोरियातल्या बुसानला आलेले बहुतेक जण गामचनच्या रंगीत घरांपाशी फोटो काढतात आणि निघतात. तोसंग मेट्रोपासून चढणारी छोटी बस त्याआधी आमीदोंगला थांबते. मी तिथेच उतरले. ऑफिसातल्या सहकाऱ्याची आजी इथे राहते, आणि दुभाष्याचं काम तोच करणार होता.

गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटावं लागतं. पायरीच्या दगडावर जपानी सम्राटाच्या काळातलं साल कोरलेलं. एका जोत्यात अख्खं नाव, आडवं. जपानी राजवटीत ही टेकडी जपान्यांची दफनभूमी होती. 1945 मध्ये ते गेले, थडगी राहिली. पुढे उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या युद्धात बुसान दक्षिणेची तात्पुरती राजधानी झालं, लाखो निर्वासित आले आणि जागा उरली नाही. उभ्या उतारावर सपाट, दगडी चौकटीची जागा फक्त थडग्यांचीच होती. लोकांनी त्यावरच तंबू ठोकले, मग फळ्या, मग पत्रे.

आजीबाई मूळच्या हामहुंगजवळच्या, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातल्या. त्यांचं बालपण जपानी राजवटीतलं. शाळेत जपानी नाव लावावं लागे, कोरियन बोललं की शिक्षा. जपानच्या महायुद्धासाठी घरातले पितळी वाडगे-चमचे गेले. भात पिकवायचा त्यांनी, तो जायचा जपानला, आणि रेशनवर मिळायची सोयाबीनची पेंड! आपण जी गुरांना घालतो, ती.

सुटका झाली म्हणावं तर सोव्हिएत सैन्य आलं. मार्च 1946 च्या जमीन सुधारणेत पाच हेक्टरांवरची जमीन मोबदल्याशिवाय गेली आणि वर ‘जमीनदार’ हा शिक्का बसला. कुळांना जमीन मिळाली, हे मला नाकारता येत नाही. पण या घराला त्यानंतर रोजची धास्ती होती.

डिसेंबर 1950 मध्ये चिनी फौजा पुढे सरकल्या तशी अमेरिकी सैन्याने हुंगनाम बंदरातून माघार घेतली. सैन्याबरोबर सुमारे एक लाख नागरिकही निघाले. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या एकाच मालवाहू जहाजात चौदा हजार माणसं होती, आणि वाटेत पाच बाळं जन्मली. आजीबाईंचं कुटुंब दुसऱ्या कुठल्याशा लष्करी जहाजात चढलं. आजोबा आणि धाकटी आत्या घर राखायला मागे थांबले. थोड्या दिवसांत परतायचंच होतं ना!

आमीदोंगला आल्यावर आजीबाईंची आई सणाच्या दिवशी आपल्या पितरांबरोबर जोत्याखालच्या जपान्यालाही भाताचा वाडगा ठेवायची. मला राहवलं नाही, विचारलं, ज्यांनी तुमचं नावसुद्धा हिरावलं त्यांच्यातल्याच कुणाला ताट? त्याच्या डोक्यावर राहतो, तर भाडं नको द्यायला, असं आजीबाईंचं म्हणणं. नातू हसला. त्या हसल्या नाहीत.

दुपारी त्यांनीच मिलम्यन, म्हणजे बुसानच्या गार शेवया, खायला नेलं. हामहुंगच्या शेवया बटाट्याच्या पिठाच्या. बुसानला मदतीचा गहू मिळाला, म्हणून ही गव्हाची. मला फार आवडली. त्यांच्या मते बरी आहे, पण चावायला काहीच नाही.

उत्तरेत राहिलेल्या आत्याच्या भेटीसाठी त्यांनी सरकारकडे नाव नोंदवलंय. दोन्हीकडे विखुरलेल्या कुटुंबांच्या अशा भेटींसाठी कॉम्प्युटरवर सोडत निघायची. शेवटची भेट ऑगस्ट 2018 मध्ये झाली. त्यांचं नाव कधीच निघालं नाही.