थंड ओटी, उलटी हवा

आमच्या ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, ऑपरेशन झालेल्या हाडांच्या (ऑर्थोच्या) दोन पेशंटच्या जखमा पाठोपाठ चिघळल्या. दोघांच्याही पू-तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस. पहिला संशय नेहमीप्रमाणे सीएसएसडीवर, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागावर. ऑटोक्लेव्हचं रजिस्टर आणि इंडिकेटरच्या पट्ट्या तपासल्या, सगळं ठीक. मग ठरलेलं फर्मान आलं, "सिस्टर, ओटी फ्युमिगेट करून टाका." केली. पण हा जंतू राहतो आपल्याच नाकात आणि कातडीवर. तिथून झडणाऱ्या कणांवर बसून हवेत फिरतो. कालच्या धुरीचा त्याला आज काय धाक? मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम हेच कधीपासून सांगत होत्या.

त्यांच्याच आग्रहाने शनिवारी एकही केस न ठेवता एसीचा इंजिनिअर बोलावला. पोरगेलासा होता. आल्या आल्या मावशींना म्हणाला, "उदबत्ती आहे का?" मी उखडलेच. स्पिरिट आणि ऑक्सिजनच्या जागी काडी पेटवू देईन मी?

"आत नाही हो सिस्टर, बाहेरच."

बंद दारापुढे कॉरिडॉरमध्ये तो उकिडवा बसला आणि उदबत्ती दाराखालच्या फटीजवळ धरली. ओटीत हवेचा दाब जास्त असला, तर धूर आमच्याकडे ढकलला जायला हवा. ती बारीक रेघ जरा थरथरली, वाकली आणि सरळ फटीतून आत गेली. त्याच कॉरिडॉरमधून कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या जातात. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे.

कारण गच्चीवर सापडलं. एएचयूचा, म्हणजे ओटीला हवा पुरवणाऱ्या एसी यंत्राचा, ताज्या हवेचा डँपर (झडप) पूर्ण बंद करून तारेने बांधलेला! मेंटेनन्सच्या मामांचं उत्तर तयार होतं, "मे महिन्यात ओटी थंड होत नाही म्हणून तुम्हीच बोंब मारता. बाहेरची गरम हवा बंद केली, गारवा आला." खरंच आला होता, आणि म्हणूनच कुणाला शंका आली नाही. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत तासाला किमान २० वेळा हवा बदलायची, त्यातल्या ४ वेळा ताजी. दाब बाहेरच्यापेक्षा किमान २.५ पास्कल जास्त. आमच्याकडे तीच हवा फिरत होती, आणि शेजारच्या डर्टी युटिलिटीतला, म्हणजे वापरलेलं सामान ठेवायच्या खोलीतला, एक्झॉस्ट ओटीतली हवा खेचून घेत होता. मग ती तूट कॉरिडॉरमधून भरून निघणारच. छतातला बारीक कण गाळणारा हेपा फिल्टर बिचारा काय करणार? दाराखालून येणारी हवा त्याच्यातून जातच नाही.

ऑर्थोच्या सरांना नवी लॅमिनार फ्लो यंत्रणाच हवी होती, म्हणजे गाळलेल्या हवेचा एकाच दिशेने संथ झोत सोडणारी. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयाचे हाडांचे सर्जन जॉन चार्नली यांचा दाखला त्यांच्या ओठांवर असतो: १९६०च्या दशकात त्यांनी शस्त्रक्रियेची हवा शुद्ध करत नेली आणि सांधेरोपणातला संसर्ग सुमारे ७ टक्क्यांवरून एका टक्क्याखाली आला. मॅडमनी शांतपणे २०१६ची डब्ल्यूएचओची शिफारस पुढे ठेवली: सांधेरोपणासाठी लॅमिनार बसवू नये, साधी पण नीट चालणारी यंत्रणा पुरे. सरांना ते पटलं नाही. कोटेशनचा आकडा पाहून व्यवस्थापनाला मात्र लगेच पटलं.

तार कापली, डँपर उघडला. दोन केसेस कशामुळे चिघळल्या हे छातीठोक सांगता येणार नाही, पण उलटी हवा तशीच ठेवायची सोय नव्हती. आता दुपारी ओटी जरा गरम होते, सर कुरकुरतात, मोठ्या कूलिंग कॉइलची फाइल फिरते आहे. सगळ्यात जास्त तक्रार इम्प्लांट कंपनीच्या पोरांची: केस चालू असताना दार उघडायचं नाही, म्हणून सगळे साइझ आधीच आणून ठेवावे लागतात आणि मधे चहाला सटकता येत नाही.